सातपाटीच्या अंगणातले ध्रुवावरचे खडे

या ब्लॉगवर आजवर मी ज्या सहली लिहिल्या त्यांत डोंगर होते, देवळं होती आणि लॉजवाल्यांशी घातलेले वाद होते. पालघरबद्दल मात्र कधी लिहिलं नाही. परवा एका वाचक बाईंनी विचारलं, की मुंबईहून दोन-तीन दिवसांत होईल, फार चढउतार नसेल आणि मुलांना काही शिकायलाही मिळेल अशी जागा सुचवा. मी उत्तर लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता साठ वर्षं मागे जाऊन बसले. तेव्हा आधी ती सहल सांगते. रस्ते, बस, जेवण हे सगळं ओघात येईलच.

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चालू होतं तेव्हाची ही गोष्ट. मी मुंबईतल्या एका कॉलेजात भूशास्त्राची प्रात्यक्षिकं घ्यायचे. पंचविशी गाठायची होती आणि आपल्याला सगळं कळतं अशी खात्री होती. आमच्या सरांना त्यांच्या परदेशातल्या मित्राने एक बाटली पाठवली होती. दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्राच्या तळातून, जहाजावरून काढलेला चिखल. वाळून त्याचा गोळा झाला होता आणि काचेतून त्यात रुतलेले खडे दिसायचे. ती बाटली सरांनी मला पहिल्यांदा दाखवली तेव्हा मी ती दोन्ही हातांनी धरली होती. लहान मुलाला धरतात तशी.

सरांची कल्पना साधी होती. चिखलातले कण किती जाड, किती बारीक, आणि कुठल्या मापाचे किती, एवढं मोजलं की तो चिखल तिथे कोणी आणून टाकला ते कळतं. नदीने, लाटेने, वाऱ्याने की बर्फाने. मग आपल्याच किनाऱ्यावरचे दोन-तीन नमुने घ्यायचे, ध्रुवावरच्या चिखलाशेजारी ठेवायचे आणि सगळे त्याच चाळण्यांतून काढायचे. त्यावर लेख होणार होता आणि लेखावर सरांच्या नावाखाली माझं नाव येणार होतं. घरी आईने ते शेजारणींना सांगूनही टाकलं होतं. अडचण एवढीच, की बाटली आमच्याकडे मंगळवारपर्यंतच होती. मग ती दुसऱ्या कॉलेजला द्यायची होती.

सर म्हणाले, तू शुक्रवारी निघ, पालघरकडचे नमुने घेऊन रविवारी परत ये, बाटली सोमवारी आपण दोघं उघडू, तोवर ती कपाटातून हलवू नकोस. मी मान डोलावली. आणि शुक्रवारी सकाळी बाटली पंच्यात गुंडाळून पिशवीत घातली. माझा हिशेब असा, की गोळा मऊ व्हायला पाण्यात दिवसभर तरी भिजावा लागतो. सोमवारी भिजून तयार चिखल सरांपुढे ठेवला की सर खूश होतील. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ती म्हण माझ्यासारखीला बघूनच कोणीतरी केली असणार.

विरारच्या पुढे तेव्हा कोळशाचं इंजिन असायचं. खिडकीशी बसलं की डोळ्यात कोळशाचे कण जायचे, पण मिठागरं आणि खाड्या बघायच्या तर खिडकीच हवी. आज गाड्या भरपूर आहेत आणि वेळही कमी लागतो. एवढंच सांगते, की जाताना डावीकडे बसा. पालघरला उतरून मी स्टेशनाबाहेर चहा आणि बटाटेवडा घेतला आणि मनोरच्या एस.टी.त बसले. मासवणला उतरले. गावाजवळून सूर्या नदी जाते. थंडीचे दिवस होते, पाणी गुडघ्याएवढं आणि इतकं स्वच्छ, की तळातला गोटा न गोटा मोजून घ्यावा. काठावर नदीने स्वतःच माल लावून ठेवलेला होता. प्रवाहाच्या मध्ये गोटे, वळणावर जाड वाळू आणि आत, जिथे पाणी थबकतं तिथे मऊ गाळ. वर्गात मी जे खडूने काढून दाखवायचे ते सगळं तिथे आयतं मांडलेलं. मला इतका आनंद झाला, की नमुने भरायचं सोडून मी अर्धा तास नुसती पाण्यात उभी होते.

पलीकडे डोंगराच्या बाजूची एक बाई कपडे धूत होती. पाऊस संपला की तिच्या घरचे सगळे विटांच्या भट्टीवर कामाला जायचे, ती यंदा पाय मोडल्यामुळे मागे राहिलेली. मी पिशवीत वाळू भरते आहे हे बघून तिने विचारलं, घर बांधतेस काय. मी म्हटलं, नाही, बघायला नेते. त्यावर तिने हातातलं काम थांबवून आपली नदी एकदा नीट न्याहाळून घेतली.

संध्याकाळी सातपाटीला पोचले. पालघरहून पश्चिमेला जाणारी एस.टी. होती, ती चुकली तर टांगा. आता रिक्षा मिळतात. राहायची सोय मच्छीमार सोसायटीतल्या एका कारकुनांनी हिराबायच्या घरी केली होती. हिराबाय पन्नाशीची, काटक, कपाळावर मोठं कुंकू. नवरा आणि दोन मुलगे होडी घेऊन गेलेले, ते आणखी चार दिवसांनी येणार होते. घरापुढे चोपून गुळगुळीत केलेलं अंगण आणि त्यापलीकडे बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घातलेले. वासाचं म्हणाल तर पहिला तासभर जाणवतो, मग तो आपल्यातच राहायला येतो. जेवायला तांदळाची भाकरी आणि पापलेटचं कालवण होतं. तसं कालवण मी नंतर पुष्कळ ठिकाणी मागून पाहिलं, पण मिळालं नाही.

शनिवारी सकाळी ओहोटीला ती मला खाडीवर घेऊन गेली. मी पोटरीपर्यंत चिखलात. चिमूटभर उचलला, बोटांत चोळला आणि मग आम्ही भूशास्त्रवाले करतो तेच केलं, पुढच्या दातांखाली धरला. दाताला कचकच लागली तर कण जाडसर, लोण्यासारखा घसरला तर अगदी बारीक. हिराबाय हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. म्हणाली, तिचा सासरा शिशाच्या ओळंब्याला खालून चरबी फासून समुद्रात सोडायचा. वर काढला की चरबीला तळाचा चिखल नाहीतर वाळू चिकटलेली असायची, ती तो जिभेवर ठेवायचा आणि होडी कुठे आली आहे ते सांगायचा. मी पुस्तकातून शिकलेली युक्ती त्या माणसाने वापरून पोरंबाळं जगवली होती. मला जरा खाली मान घालावीशी वाटली आणि फार बरंही वाटलं.

चिखल मात्र अप्रतिम होता. मी तो हातावर घेऊन तिला दोन-तीनदा म्हटलं, मावशी, काय चिखल आहे तुमचा, लोण्यासारखा, एक खडा नाही. हे माझं कौतुक तिने लक्षात ठेवलं. पुढे जे झालं ते त्यातून झालं.

घरी येऊन मी तिच्याकडून एक जर्मनचं पातेलं मागून घेतलं, ध्रुवावरचा गोळा त्यात भिजत घातला आणि पडवीत कोपऱ्यात ठेवला. हा कुठला, असं तिने विचारलं. मी म्हटलं, फार लांबचा आहे, समुद्राच्या तळाचा, जपून ठेवा, सगळं पालघर विकलं तरी याची किंमत भरून येणार नाही. एवढं बोलून मी तारापूरला निघाले. खडे कशासाठी आहेत ते सांगायचं मला सुचलं नाही.

बोईसर तेव्हा लहान स्टेशन होतं. पण बाहेर आलं की ट्रकांची रांग आणि चहाच्या टपरीवर हिंदीतून चाललेला गलबला. एस.टी.ला उशीर होता म्हणून मी पाम गावाच्या बाजूने जाणाऱ्या एका ट्रकवाल्याला विचारलं आणि पुढे बसले. आज मुलींना मी हे सुचवणार नाही, पण तेव्हा मला भीती वाटली नाही, आणि तो बिचारा मुलगी बसली म्हणून बिडीही न ओढता चालवत होता. माझ्या कापडी पिशव्या बघून तो म्हणाला, "मैडम, रेत तो इधर ट्रक भर भर के आती है. आप मुट्ठी भर क्यों ले जा रही हो?" मी हिंदीत समजवायचा प्रयत्न केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की याचा पगार मिळतो का. मिळतो म्हटल्यावर त्याचं समाधान झालं.

तारापूरच्या किनाऱ्यावरची वाळू एका मापाची, जणू कोणी चाळून पसरली आहे. लाटांनीच चाळलेली. दिवसरात्र तेच काम, बारीक गाळ उचलून आत न्यायचा आणि वाळू इथे ठेवायची. मी नमुना घेतला आणि परतताना बांधकामाच्या बाहेर एका जागी थांबले. तिरक्या उभ्या केलेल्या मोठ्या चाळणीवर बायका घमेल्याने रेती मारत होत्या. पलीकडे खडीचे ढीग, लहान वेगळी, मोठी वेगळी. सांगलीकडचा एक मुकादम होता, बायकोमुलांसह इथे येऊन राहिलेला. मी विचारलं, एवढं चाळून वेगळं करता आणि मग परत एकत्र कालवता, ते का. तो खूशच झाला. म्हणाला, एकाच मापाचं घातलं तर मधे पोकळ राहतं, मोठ्यात लहान, लहानात रेती आणि रेतीत सिमेंट बसलं की मगच काँक्रीट घट्ट होतं.

मी तिथेच वहीत लिहून घेतलं, कारण हीच तर बर्फाची रीत. पाणी आणि वारा माल निवडतात. बर्फ निवडत नाही. हिमनदी डोंगर खरवडत येते, धोंड्यापासून पिठापर्यंत जे सापडेल ते पोटात घेते आणि सगळं एकत्र कालवून टाकते. समुद्रात पोचली की तिचे तुकडे होऊन तरंगत जातात आणि वितळता वितळता पोटातले खडे खालच्या मऊ गाळात सोडतात. बाटलीतल्या चिखलात खडे होते ते त्यामुळे. सगळा लेख त्या खड्यांवर उभा होता. बोईसरला परत येईपर्यंत माझ्या मनात लेखाची पहिली चार वाक्यं तयार झाली होती.

सातपाटीला पोचले तेव्हा दिवे लागायची वेळ होती. हिराबाय दारातच उभी होती आणि तिचा चेहरा काहीतरी चांगलं केल्यावर असतो तसा होता.

"पोरी, तुजा चिकल निवडून ठेवलाय," ती म्हणाली. "किती खडे होते त्यात. आता बघ, आमच्यावानी झाला."

पातेल्यात बोट घातलं. लोणी. एक खडा नाही. तांदूळ निवडणाऱ्या हातांनी तिने दुपारभर बसून, गोळा पाण्यात कुस्करत, एक थेंबही न सांडता, त्यातला एकेक खडा वेचून काढला होता आणि निवडताना खडे टाकतात तसे अंगणात भिरकावले होते. मी चिमूटभर चिखल दाताखाली धरला. सकाळच्या खाडीतल्या चिखलाहून फारसा वेगळा लागेना. खडे गेल्यावर दक्षिण ध्रुव आणि सातपाटीची खाडी यांत माझ्या दाताला फरक करता येत नव्हता.

मी रडले. चांगली शिकलेली, पगार मिळवणारी बाई, पडवीत बसून रडले. तिच्यावर रागावण्याचीही सोय नव्हती, कारण बाटली घेऊन येणारी मी, खड्यांबद्दल न सांगणारी मी, आणि खडा नसलेल्या चिखलाचं कौतुक करणारीही मीच. तिला काय बिघडलं ते मी जमेल तसं सांगितलं. ते खडे म्हणजे कचरा नव्हता, तो चिखल तिथे कसा आला हे त्या खड्यांवरूनच कळतं, आणि मंगळवारी बाटली दुसऱ्या कॉलेजला द्यायची आहे. तिने पातेल्यावर ताट झाकलं. मग म्हणाली, अंधारात काही दिसणार नाही, आता जेव, उजाडल्यावर बघू.

रविवारी उजाडताच आम्ही दोघी अंगणात उकिडव्या बसलो. मला वाटत होतं, की कोंबड्यांच्या आणि शंख-शिंपल्यांच्या त्या पसाऱ्यात काय सापडणार. पण आपल्याकडचा दगड काळा, आणि समुद्राने आणलेला असला तर घोटून गोल झालेला. हे खडे करडे, गुलाबीसर, कडा धरलेले, एखाददुसऱ्यावर ओरखडे. हिराबाय एकेक उचलायची, अंगठ्याने चोळायची. हा होता. हा नव्हता. एकदाही अडली नाही. मी मधेच एक करडा खडा पुढे केला तर तो तिने बघितलासुद्धा नाही, बाजूला टाकला. तो होडी डुलू नये म्हणून तळाशी दगडांचा भार घालतात त्यातला, बाहेरगावाहून आलेला होता. तिचे हात बघत बसावं असे होते, आणि आमच्या कॉलेजात असे हात नव्हते हे मी आज मोकळेपणाने लिहिते.

ऊन वर आलं तशी ती जरा थांबली. एक खडा तळहातावर घेऊन तिने मला विचारलं, की हा चिखल इतका बारीक बसला म्हणजे तिथलं पाणी निजलेलं असणार ना. मी म्हटलं, हो.

"मग निजलेलं पानी धोंडा कसा वाहील?" ती म्हणाली. "आमच्या खाडीच्या चिकलात धोंडा गावला तर आमी समजतो, जाल्याला बांदलेला नायतर होडीच्या भाराचा हाय. वरून पडला. हाबी वरूनच पडलाय. कोनाची तरी होडी गेली आसंल."

विद्यापीठाच्या पुस्तकात जे दोन पानं घेऊन सांगितलेलं असतं ते तिने वलांडीखाली बसून काढलं होतं. मी म्हटलं, मावशी, होडीच गेली, पण बर्फाची. बर्फाची होडी हे तिला पटायला थोडा वेळ लागला. बर्फ तिने पाहिला होता तो मासळीच्या पेट्यांतला. मग तिने पेटीतला बर्फ वितळल्यावर खाली काय काय साचतं ते आठवलं, आणि मान डोलावली.

दुपारपर्यंत खडे सगळे मिळाले, एक सोडून. एक राहिला हे तिला नक्की माहीत होतं. तो टोकदार होता आणि वेचताना तिच्या बोटात टोचला होता. बोट तिने मला दाखवलं. आम्ही अंगण दोनदा झाडलं, बोंबलांखालून शोधलं, पण तो मिळेना. माझी गाडी होती म्हणून उठावं लागलं. निघताना तिने वाळलेल्या बोंबलांची पुडी माझ्या हातात दिली आणि माझ्या नजरेला नजर दिली नाही. याचं मला बाटलीपेक्षा वाईट वाटलं.

गाडीत विरारपर्यंत माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. खडे परत चिखलात घालून चिखल बाटलीत भरला होता, वरून काही कळण्यासारखं नव्हतं. एक खडा कमी आहे हे जगात दोन बायकांना माहीत होतं. बाटली वाळवून कपाटात ठेवली असती तर लेख झाला असता, नाव आलं असतं आणि आईला शेजारणींपुढे ताठ बसता आलं असतं. पण कण मोजायचे ते खरं काय झालं ते कळावं म्हणून, आणि त्यातच मी खोटा माल भरणार होते. त्यात पुन्हा तिने त्या एका खड्यासाठी दोनदा अंगण झाडलं होतं. ती तेवढी प्रामाणिक आणि मी पदवीधर, हे मला झेपेना.

सोमवारी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी बाटली उजेडाशी धरून फिरवून पाहिली. मग म्हणाले, आता यात कुठल्या मापाचं किती हे सांगता येणार नाही, लेख होणार नाही. बाटलीवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली, की यातले खडे हाताने काढून पुन्हा घातलेले आहेत आणि एक कमी आहे. मी जायला निघाले तेव्हा त्यांनी मला परत बसवलं आणि विचारलं, "त्या बाई नेमकं काय म्हणाल्या, ते पुन्हा सांग." मी सांगितलं. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं, तिच्याच शब्दांत. पुढे सर वर्गात हा भाग शिकवायचे तेव्हा सुरुवात तिथूनच करायचे, की बारीक चिखलात धोंडा दिसला तर आधी वर बघा.

त्यानंतर चारेक महिन्यांनी, दादरला आमच्या गल्लीत मासळी घेऊन येणारी सातपाटीची एक बाई पत्ता विचारत दाराशी आली. तिच्या पाटीत सुक्या मासळीच्या खाली एक काडेपेटी होती, आणि तिच्यात एक खडा. हिराबायने अंगण नव्याने चोपायला उकरलं तेव्हा सापडला, असा निरोप होता. आणि हाच तो टोचलेला, असंही तिने मुद्दाम सांगायला लावलं होतं. बाटली तोवर केव्हाच दुसरीकडे गेली होती. सरांना नेऊन दाखवला तर म्हणाले, हा तुझ्याकडेच ठेव.

तर वाचक बाई, पालघरला जरूर जा. मासवणला नदीत उतरा, सातपाटीला पापलेटचं कालवण खा, आणि तारापूरच्या किनाऱ्यावर मुलांना मूठभर वाळू उचलून कण बघायला लावा. त्याला तिकीट लागत नाही. हिराबाय आता नाही. मी नंतर तिच्याकडे चारपाच वेळा गेले, दर वेळी तिने भाकरी वाढली आणि दर वेळी खड्याची चौकशी केली. खडा माझ्या स्वयंपाकघरातल्या फळीवर त्याच काडेपेटीत आहे. लेख माझ्या नावावर पुढे पुष्कळ झाले, त्यातला एकही मी या फळीवर ठेवलेला नाही. आणि आजही तांदूळ निवडताना खडा लागला, की मी तो लगेच टाकत नाही. हातावर घेते, अंगठ्याने चोळते आणि हा इथे कुठून आला ते आधी बघते.